मामाजींची खाट

आमच्याकडे उन्हाळा संपत आला की घर बांधायला काढतात. नवं नाही, आहे तेच घर. बकऱ्यांच्या कोठ्यावरच्या टिना तारेनं बांधायच्या, जळतनावर ताडपत्री टाकून ती दोरीनं बांधायची, खिडकीचं निखळलेलं दार कडीला बांधायचं. सालेकसाच्या अलीकडचं आमचं गाव, पाठीशी जंगल, समोर धानाची बांधी. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की वारा डोंगराकडून सुटतो आणि थेट आमच्याच अंगणात शिरतो, असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलं आहे. शेजारणीलाही तिच्या अंगणाबद्दल तसंच वाटतं, पण तिच्या टिना कधी आमच्या फणसावर येऊन पडल्या नाहीत. आमच्या मात्र तिच्या फणसावर जाऊन पडल्या. त्या काढायला गेलो तर म्हणते, राहू द्या, सावली पडते.

टिना उडाल्या त्या वादळानंतर माझ्या नवऱ्यानं तयारी मनावर घेतली. तो गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला जातो, सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो. त्याच्या मोबाईलवर अलर्ट येतो, ऑरेंज म्हणा, यलो म्हणा, आणि अलर्ट आला की माणूस जेवता जेवता उठतो. पूर्वी टिनांवर दगड ठेवायचो. वाऱ्यानं टिना उडाल्या की दगड आधी खाली येतात आणि खाली आपण असतो, हे त्याला कुणीतरी मिलमध्ये समजावलं. मग त्यानं दगड उतरवले, रेतीची पोती भरून तारेनं वाशाला आवळली. घरावर वाकलेली मुनग्याची फांदी तोडली. अंगणात वाळत घातलेला मोह अलर्टच्या दिवशी सकाळीच उचलायचा, बॅटरी चार्ज करून ठेवायची, बकऱ्यांना झाडाखाली बांधायचं नाही. हे सगळं मी करत होते. बोलायचा तो, करायची मी, पण ते असो.

सगळं घर बांधून झालं तरी एक माणूस बांधता येत नव्हता. माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते.

मामाजींची खोली अंगणाच्या पलीकडे, मातीच्या भिंतींची, वर कवेलू, म्हणजे कौलं. त्या कवेलूचा सगळा भार एका आढ्यावर, आणि ते आढं उदईनं पोखरलेलं. वरून दिसायला ठणठणीत. नवऱ्यानं एकदा पेचकस टोचून पाहिला तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्यानं वडिलांना दाखवलं. मामाजी म्हणाले, "तुहा पेचकसच लई धारदार आहे."

ते आढं त्यांनी स्वतः जंगलातून आणलेलं, साजाचं. साजाचं लाकूड माणसाला पुरून उरते, असं ते काठीनं आढ्याला ठोकून सांगायचे. ठोकलं की आतून डफासारखा आवाज यायचा आणि त्यांच्या खांद्यावर पिवळा भुसा पडायचा. तो झटकत म्हणायचे, "आयक, कसा बोलते."

आणि अंगणाच्या अलीकडे आमची स्लॅबची नवी खोली रिकामी. पंखा, जाळीची खिडकी, फरशी. पण मामाजी तिथं झोपत नाहीत. का? तर सिमेंटात लोखंड असते, आणि लोखंडावर वीज येते. त्यांचं हे शास्त्र पक्कं होतं. आभाळ गडगडलं की घरातला लोखंडाचा तवा अंगणात फेकायचा, म्हणजे वीज आणि गारा घर सोडून तव्यावर जातात, ही आमच्या भागातली जुनी रीत. मामाजी ती इतक्या तळमळीनं पाळायचे की एकदा मी तांदळाची भाकर टाकली होती, तर त्यांनी चिमट्यानं तापलेला तवा भाकरीसकट उचलून अंगणात फेकला. वीज काही पडली नाही. भाकर कोंबड्यांनी खाल्ली.

"जी वस्तू आपून विजेले द्याले फेकतो," ते म्हणायचे, "थेच वस्तू भिंतीत भरून तिच्याखाली झोपाचं? माहं डोकं अजून जाग्यावर आहे."

नवरा म्हणाला, आढं बदलतो. मामाजी म्हणाले, मी मेल्यावर बदल. मी म्हणाले, मामाजी, असं कसं बोलता जी. ते म्हणाले, मग बदलू नोका. झालं, बोलणं संपलं. मला मात्र वारा सुटला की तेच दिसायचं. वादळात माणूस त्या खोलीत आणि वर ते आढं. मी भांडी घासता घासता अंगणापलीकडे पाहत राहायची. मामाजी फटकळ आहेत, हट्टी आहेत, भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारी ऐकू जाईल असं सांगतात. पण या घरात मला पहिल्यांदा "जेवली का" असं विचारणारा माणूस तोच, आणि मला तो मातीखाली पाहिजे नव्हता.

तर मग मी माझ्या बाबांना बोलावलं.

बाबा फुलचूरला राहतात, माझ्या भावाकडे. रेल्वेत होते, आता पेन्शनवर आहेत, आणि गोंदियाच्या हवेनं त्यांची मराठी पार हिंदीत बुडालेली. आमच्याकडे सुनेचा बाप आणि मुलाचा बाप हे एकमेकांचे इवाई. आणि इवाई घरी आला की घरधन्यानं त्याला एकटं सोडायचं नाही. जेवायला सोबत बसायचं, अंगणात सोबत फिरायचं, झोपायलासुद्धा त्याच्या खाटेला लावून आपली खाट टाकायची. इवाई एकटा झोपला ही गोष्ट गावात पसरली तर नाक कापलं गेलं समजा. मामाजी विजेला भीत होते त्याहून जास्त या नाक कापण्याला भीत होते.

आता इवाईला झोपवायचं कुठं? पंख्याखाली. म्हणजे स्लॅबच्या खोलीत. मामाजींच्या खोलीत तर बियाण्याच्या धानाची पोती, दुसरी खाट मावतच नाही.

बाबांना मी फोनवर सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, मतलब मुझे बिजली का चारा बनाएगी?" मी म्हटलं, मटण करीन. ते दुपारच्या गाडीनं आले.

आणि अगदी ठरवल्यासारखं झालं. मामाजींनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा पाजला, संध्याकाळी खाट उचलून गुपचूप स्लॅबच्या खोलीत आणली. आत येताना छताकडे असं पाहिलं की मला पदर तोंडात कोंबावा लागला. सकाळी विचारलं, झोप लागली का जी? म्हणाले, "इवाई घोरते. विजेले बी आयकू आलं नसल."

त्यानंतर अलर्ट आला की बाबा येत. मोबाईल वाजला की नवरा पोती तपासायला जायचा आणि मी फुलचूरला फोन लावायची. एकदा खरंच गारा पडल्या, कवेलू फुटले, आणि दोघं म्हातारे स्लॅबखाली पत्ते खेळत बसले होते. मामाजी पत्त्यांत लबाडी करतात, बाबा हिशेबात करतात, त्यामुळे जोडी छान जमली. गावात बायका विचारू लागल्या, तुझे बाबा लई येऊन राहिले, भावजय जेवायला देत नाही का? मी म्हणायची, देते वो, पण तिला माझ्यासारखं मटण येत नाही. नवरा मात्र एकदा कोंबडा पकडताना घामाघूम होऊन म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मी म्हटलं, घोडं मी धाडायला लावलं आहे, तू कोंबडा धर.

मग एक अलर्ट असा आला की संपेचना. रोज मोबाईल बोंबलायचा आणि रोज कडकडीत ऊन. आठवडा उलटत आला. बाबा जाईनात, मामाजी खाट हलवीनात, आणि एका पंख्याखाली दोन म्हातारे म्हणजे काय होणार. पंखा किती जोरात लावायचा यावरून सुरू झालं. मग माझ्या लग्नातल्या वरातीला जेवण कमी पडलं होतं की नाही, यावर आलं. शेवटी त्या सकाळी अंगणात चहा पिता पिता मामाजी म्हणाले, "माह्या घराचा एक कवेलू आजवर हालला नाई. तुमच्या शहरातले घरं तं वाऱ्यानं बसून जातेत."

बाबांचा कप खाली आपटला. "समधीजी, आपकी छत में दीमक है. बेटी डर के मारे मुझे बुलाती है, आपको वहाँ से निकालने के लिए. नहीं तो मुझे क्या शौक है यहाँ मच्छर खाने का?"

मी चुलीपाशी होते. हातातली फुंकणी तशीच राहिली.

मामाजी उठले. कप खाली ठेवला, स्लॅबच्या खोलीत गेले, आपली खाट उचलली, अंगण ओलांडून कवेलूच्या खोलीच्या ठेंगण्या दारातून आडवी करून आत नेली. नवरा मिलमध्ये गेलेला. मी मागं गेले तर उंबऱ्यातूनच म्हणाले, "इवाईच्या नावानं मले फसवलं. बकरीले पाला दाखवून नेते तसं नेलं."

बाबाही तापलेले. पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीला स्टेशनकडे चालू लागले. मी म्हटलं, बाबा, आज तरी थांबा. म्हणाले, "मेरी भी इज्जत है." ज्याला त्याला इज्जत, आणि अलर्ट माझ्या वाट्याला. मला इतका राग आला की मी सगळी भांडी दोनदा घासली.

दुपार कलली आणि वारा पडला. पान हलेना. कोंबड्या आपणहून खुराड्यात गेल्या. डोंगराकडचं आभाळ आधी मातकट झालं, मग काळं, आणि मग नुसता आवाज आला, दूरवर मालगाडी यावी तसा. मी मोह भरला, बकऱ्या कोठ्यातून आत आणल्या, दार लावलं, बॅटरी कमरेला खोचली. सगळं बांधून झालं, आणि अंगणापलीकडे ते दार सताड उघडं.

मी धावत गेले. मामाजी खाटेवर बसलेले, काठी मांडीवर, आणि हातात माझा तवा. फेकायला आणून ठेवलेला.

"मामाजी, चला."

"तू जा. तुह्या लोखंडात तू बस."

"बकरी सुटली जी."

"मंग बांध."

"चहा मांडला आहे."

"इथं आन."

कडेचे कवेलू खडखडायला लागले. एक घसरून दारात फुटला. आढ्यातून भुसा गळत होता, चाळणीतून पीठ गळावं तसा, आणि त्यांच्या डोक्यावरच्या दुपट्ट्यावर साचत होता. ते झटकतसुद्धा नव्हते. मला रडू यायला लागलं. हात धरून ओढावं तर सासऱ्याचा हात सून धरत नाही. लग्न झाल्यापासून सणाला पाया पडले तेवढंच. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नाही, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, ते समोरून आले तर मी भिंतीला लागून उभी. आता हे कोण पाळतं? पण आमच्या घरात पाळायचे, आणि सगळ्यात जास्त मामाजी. सून बसली असेल त्या जागी ते पाय टाकत नाहीत. ती उठेपर्यंत बाहेर खाकरत उभे राहतात.

हे डोक्यात आलं आणि मी सरळ आत गेले. वाऱ्यानं पदर केव्हाच खांद्यावर आला होता. तो तसाच राहू दिला. मामाजींच्या खाटेवर, मामाजींच्या शेजारी, मांडी घालून बसले.

खाली विंचू निघाला असता तर ते इतक्या चपळाईनं उठले नसते. उठले ते थेट भिंतीला जाऊन लागले.

"अवो, काय करून राहिली?"

"बसून राहिली जी."

"उठ."

"नाई उठत. आज मी इथंच झोपणार."

"लाज हाये का नाई तुले?"

"नाई जी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाहेर गारा सुरू झाल्या होत्या. एका खोलीत, एका खाटेवर सून, आणि सासरा बसणार कुठं? धानाच्या पोत्यावर? मी आणखी थोडी ऐसपैस सरकले. ते त्यांना सहन झालं नाही. ते काठी घेऊन बाहेर पडले, आणि गारा डोक्यात बसू लागल्या तसा हातातला तवा डोक्यावर उलटा धरून अंगण ओलांडू लागले. आयुष्यभर विजेसाठी लोखंड बाहेर फेकणारा माणूस लोखंड डोक्यावर घेऊन त्या कडकडाटातून चालला होता, आणि चालला होता लोखंडाच्याच घराकडे. मी मागून धावले. मला हसू येत होतं आणि गारा लागत होत्या, दोन्ही एकदमच.

स्लॅबच्या खोलीत शिरून दार लावलं. मामाजी एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. ते भिंतीकडे तोंड करून उभे. टिनांवर गारांचा असा मारा की बोललेलं ऐकू येईना. मग त्या सगळ्या आवाजात एक वेगळाच आवाज झाला. जाड फांदी मोडावी तसा, आणि त्याच्यामागून कवेलूंचा ढीग ओतल्यासारखा.

मी जाळीच्या खिडकीतून पाहिलं. मामाजीही आले, माझ्यापासून हातभर अंतर ठेवून. कवेलूची खोली मधोमध खचली होती. आढं दोन तुकडे होऊन खाली आलं होतं. दारातून खाटेचे दोन खूर दिसत होते, वर झालेले. बाकीची खाट दिसत नव्हती.

मी जिथं मांडी घालून बसले होते, ती जागा मी शोधत राहिले. मामाजीही बहुतेक तेच शोधत होते. हातातला तवा त्यांनी हळूच खाली ठेवला, बाहेर नाही, आतच, फरशीवर.

मग म्हणाले, "पदर घे डोक्यावर."

मी पदर घेतला आणि त्या पदरात तोंड खुपसून अशी रडले की बकऱ्या ओरडायला लागल्या.

वादळ गेल्यावर गाव गोळा झालं. मामाजींनी सगळ्यांना सांगितलं की साजाचं लाकूड मोडायच्या आधी वास देते, तो वास मला आला आणि मी निघालो. मी सगळ्यांना चहा दिला. बाबांचा फोन आला. त्यांची गाडी मधल्या स्टेशनावर अडकली होती, रुळावर झाड पडलं होतं. पहिला प्रश्न विचारला, "समधी कहाँ सोए हैं?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन किलो मटण घेऊन ते स्वतःच आले.

दोघं फुटक्या कवेलूंच्या ढिगाऱ्यावर बसून चहा पीत होते. पंखा आणि वरात कोणी काढली नाही.

"इवाई," मामाजी म्हणाले, "तुमच्या पोरीले काहीच वळन नाई."

"हमारे घर में तो था," बाबा म्हणाले. "आपके यहाँ आके बिगड़ी."

मामाजी हसले. दात नसलेलं हसणं, आवाज न होणारं. मी दारामागून पाहिलं.

पण माझ्याशी ते बोलेनात. जेवायला वाढलं तर ताटाकडे पाहून जेवायचे. मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी मुद्दाम एकदा अळणी वरण वाढलं. सगळं संपवलं. नवरा म्हणाला, तुझ्यावर रागावले आहेत. मी म्हटलं, जिवंत आहेत ना, रागावू दे. पण रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

पावसाळ्यात मामाजींनी नवी खाट विणायला घेतली. आढ्याचा जो टोकाचा तुकडा उदईनं सोडला होता, त्याचे पाय केले. साजाचं लाकूड, ते सोडतात थोडंच. चांगली रुंद विणली. नवऱ्यानं विचारलं, इतकी रुंद कायले? म्हणाले, दोरी लई होती.

यंदा मे महिन्यात पहिला अलर्ट आला तेव्हा नवरा मिलमध्ये होता. मी पोती पाहून आले, मोह भरला, बकऱ्या आत आणल्या, सवयीनं फुलचूरला फोन लावायला मोबाईल काढला आणि तसाच ठेवून दिला. मामाजी आधीच स्लॅबच्या खोलीत नव्या खाटेवर बसले होते. तवा चुलीवरच होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. आभाळ गडगडलं. मी नेहमीसारखी डोक्यावर पदर घेऊन दाराशी भिंतीला लागून उभी राहिले.

मामाजींनी वर छताकडे पाहिलं. मग पाय वर घेतले, खाटेच्या एका टोकाला सरकले आणि दुसऱ्या टोकावर काठीनं हळूच ठोकलं.

"काल वरनात मीठ नव्हतं," ते म्हणाले. "बस."

मी बसले. मामाजी उठले नाहीत.